ब्रिटनमधल्या गावोगावची युद्धस्मारकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे-मुलीकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा, नुकतेच शिकायला आलेले विद्यार्थी, कार घेऊन शनिवार-रविवार भटकणारी जोडपी, सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "गावात शिरलं की नाक्यावर तो दगडी क्रूस दिसतो, तो कसला?" बरीच वर्षं सुटीच्या दिवशी या क्रुसांपाशी थांबून नावं वाचतो आहे. घरचे त्याला "याचं पाट्यावाचन" म्हणतात. पुन्हा पुन्हा तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं.

एवढ्या-तेवढ्या खेड्यातही स्मारक असतं, ते कशासाठी?

कारण मेलेल्यांची शरीरं घरी आलीच नाहीत. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून मृतदेह मायदेशी आणायला बंदी झाली. श्रीमंताने पैसे भरून मुलाचं शव आणायचं आणि गरिबाच्या मुलाने फ्रान्सच्या चिखलात राहायचं, असा भेद नको, हे त्यामागचं एक कारण. १९१७ मध्ये युद्धकबरींसाठी आयोग नेमला गेला, त्यानेही हाच नियम पुढे चालवला: जो जिथे पडला, तिथेच त्याची कबर. ब्रिटनचे सात लाखांहून अधिक सैनिक या युद्धात गेले आणि त्यांतल्या लाखोंचा तर देहही ओळखता आला नाही.

म्हणजे आईला फूल ठेवायला जागा नव्हती. ती जागा गावाने वर्गणी काढून केली. सरकारी हुकूम नव्हता, सरकारी पैसाही नव्हता. गावात कमिटी बसली, पैसे गोळा झाले, क्रूस हवा की घड्याळाचा मनोरा यावर भांडणं झाली, मग गवंड्याला काम दिलं. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या प्रसिद्ध स्मारकाचं 'सेनोटाफ' हे नावच मुळी 'रिकामी कबर' या अर्थाचं आहे. ते आधी १९१९ च्या विजयसंचलनापुरतं लाकूड आणि प्लास्टरचं उभारलं होतं. लोकांनी फुलांचा असा ढीग घातला की ११ नोव्हेंबर १९२० ला तिथे दगडाचं कायमचं उभं राहिलं. गावातला क्रूस हा त्याचाच धाकटा भाऊ समजा.

नेमकं शोधायचं कुठे?

चर्चचं आवार, गावातलं मोकळं हिरवं मैदान, तिठा, बाजारचौक. यांपैकी एका ठिकाणी सापडतंच. पण सगळी स्मारकं क्रुसाच्या आकाराची नसतात. गावाच्या हॉलवर 'मेमोरियल हॉल' लिहिलेलं असलं तर तो हॉलच स्मारक. चर्चच्या फाटकावरचं छपरी लाकडी दार, खेळाचं मैदान, दवाखान्याचा एखादा विभाग, रंगीत काचेची खिडकी, असं काहीही असू शकतं. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या नोंदवहीत अशी ९० हजारांहून अधिक स्मारकं आहेत. ती ऑनलाइन आहे, गावाचं नाव टाकून शोधता येते.

चर्चच्या आतही डोकवा. दार बंद वाटलं तरी ती जाड लोखंडी कडी फिरवून बघा, दिवसा बहुतेकदा उघडं असतं. आत भिंतीवर कधीकधी दुसरी यादी लावलेली असते: गावातून जे जे युद्धावर गेले त्या सगळ्यांची, परत आलेल्यांचीही. बाहेरचा क्रूस आणि आतली यादी शेजारी ठेवून वाचली की गावाचा हिशेब कळतो.

गावात जायला वेळ नसेल तर पॅडिंग्टन स्टेशनच्या एक नंबर फलाटावर जा. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मेलेल्या कामगारांचं १९२२ मधलं स्मारक तिथे आहे. शिल्पकार चार्ल्स जॅगर. खांद्यावर ओव्हरकोट टाकलेला, गळ्यात मफलर घेतलेला काशाचा शिपाई घरचं पत्र वाचतोय. ना बंदूक रोखलेली, ना हात उंचावलेला. मागून गाडीची घोषणा होत असते आणि हा पत्रातून मान वर काढत नाही.

नुसती नावं तर असतात. त्यात वाचायचं काय?

नुसती नावंच वाचायची. पण सावकाश.

आधी आडनावं पाहा. एकच आडनाव दोनदा, तीनदा आलं तर भाऊ किंवा चुलतभाऊ असण्याची शक्यता मोठी. ऑक्सफर्डशरमधल्या एका खेड्यात मी एकाच आडनावाचे चौघे मोजले. त्याच आडनावाची पाटी समोरच्या घराच्या फाटकावर होती आणि फाटकातून एक आजोबा कचऱ्याचा डबा ओढत बाहेर येत होते. विचारायचा धीर झाला नाही.

मग क्रम पाहा. काही ठिकाणी आधी अधिकारी, मग सार्जंट, मग साधे शिपाई. काही ठिकाणी हुद्दाच नाही, सरळ अक्षरक्रम. हा दुसरा प्रकार मुद्दाम निवडलेला असतो: जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या तबेल्यातला पोऱ्या एकाच ओळीत. हुद्दे लिहिलेले असतील तर 'गनर' म्हणजे तोफखान्यातला, 'सॅपर' म्हणजे इंजिनिअर पलटणीतला, 'ड्रायव्हर' म्हणजे बहुधा घोड्यांच्या गाड्या हाकणारा; मोटारीचा नव्हे.

तारखा असतील तर १ जुलै १९१६ शोधा. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईचा पहिला दिवस. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांतले १९,२४० मेलेले. उत्तरेकडच्या गिरणगावांत ही तारीख फार भेटते, कारण तिकडे 'पाल्स' पलटणी होत्या: एका गल्लीतली, एका गिरणीतली, एका फुटबॉल क्लबातली पोरं एकत्र भरती झाली तर एकत्रच ठेवू, असं सरकारने कबूल केलं होतं. कबुली पाळली गेली. लँकेशरमधल्या ॲक्रिंग्टनच्या पलटणीतले सुमारे ७०० जण त्या सकाळी निघाले, ५८४ कामी आले किंवा जायबंदी झाले. बहुतेक सगळं पहिल्या अर्ध्या तासात. गिरणी कामगारांच्या चाळीतून आलेल्या मराठी माणसाला गल्ली रिकामी होणं म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही.

शेवटी पायथ्याची पट्टी. तिथे १९३९–१९४५ ची नावं नंतर जोडलेली असतात, बहुतेकदा वरच्यापेक्षा कमी. कधी अक्षराचं वळण वेगळं, कधी दगडाचा रंग.

काही ठिकाणी १९१४–१९१८ आणि काही ठिकाणी १९१४–१९१९. चूक झाली आहे का?

नाही. ११ नोव्हेंबर १९१८ ला फक्त तोफा थांबल्या. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. ज्या कमिटीने तह धरला, तिने १९१९ कोरलं. शिवाय जखमांनी, आजाराने माणसं पुढेही मरत राहिली. युद्धकबर आयोग तर पहिल्या युद्धाची मुदत ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरतो.

एकच नाव दोन गावांत दिसलं. आणि एका ओळखीच्या कुटुंबातलं नाव कुठेच नाही. असं कसं?

कुणाचं नाव घालायचं याचा देशभर एक नियम कधीच नव्हता. जन्मगावाने घातलं, सासुरवाडीने घातलं, शाळेने घातलं, कारखान्यानेही घातलं. उलट बाजूला, कुटुंब गाव सोडून गेलं असेल तर नाव सांगायलाच कुणी उरलं नाही. काही आयांनी नाव द्यायला नकार दिला. 'बेपत्ता' म्हणजे मेला असं त्या मानतच नव्हत्या. पळून गेल्याच्या किंवा भित्रेपणाच्या आरोपाखाली आपल्याच सैन्याने गोळ्या घातलेल्यांची नावं अनेक गावांनी गाळली. अशा ३०६ जणांना २००६ मध्ये कायद्याने माफी मिळाली. स्टॅफर्डशरमधल्या राष्ट्रीय स्मृतिवनात त्यांच्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या कोवळ्या शिपायाचा पुतळा आहे, भोवती प्रत्येकाच्या नावाचा एक लाकडी खांब.

एखाद्या नावामागचा माणूस शोधता येतो का?

बऱ्याचदा येतो. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची नोंद फुकट बघता येते: पलटण, तारीख, कबर किंवा स्मारक, कधी आईवडिलांचं नाव आणि पत्ताही. पुढची कागदपत्रं मिळतीलच असं नाही. पहिल्या युद्धातल्या शिपायांच्या सेवेची कागदपत्रं लंडनच्या एका गोदामात होती आणि १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्यांतली निम्म्याहून जास्त जळाली. उरलेली 'जळकी कागदपत्रं' म्हणूनच ओळखली जातात. गावातल्या वाचनालयात विचारा. तिथल्या बाईंना किंवा त्यांच्या एखाद्या मैत्रिणीला प्रत्येक नावाचा इतिहास पाठ असण्याची शक्यता दांडगी.

आपल्या माणसाने हे बघून काय करायचं? आपला काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर पुण्यातून निघतं.

नॉरफोक, डॉर्सेट किंवा ऑक्सफर्डशरमधल्या खेड्यात असाल तर नावांपुढे 'मेसोपोटेमिया' किंवा 'कुट' लिहिलंय का ते पाहा. १९१४ च्या ऑगस्टमध्ये नॉरफोक रेजिमेंटची दुसरी बटालियन बेळगावात होती. डॉर्सेटची दुसरी पुण्यात. ऑक्सफर्डशर अँड बकिंगहॅमशर पलटणीची पहिली अहमदनगरला. या तिन्ही पलटणी सहाव्या, म्हणजे 'पूना' डिव्हिजनमधून आजच्या इराकमध्ये गेल्या. त्याच डिव्हिजनमध्ये आपल्या मराठा पलटणी होत्या: १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. नॉरफोकवाले ११० व्या मराठाबरोबर एकाच ब्रिगेडमध्ये, ऑक्सफर्डवाले १०३ व्याबरोबर, डॉर्सेटवाले ११७ व्याबरोबर.

तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुट गावात ही फौज ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. अन्न संपलं, घोडे कापून खाल्ले. घोड्याचं मांस खायला अनेक भारतीय शिपाई बराच काळ तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. अधिकाऱ्यांना तुर्कांनी त्या मानाने बरं वागवलं. शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं आणि कैदेत गेलेल्या ब्रिटिश शिपायांतले निम्म्याहून कितीतरी जास्त परत आलेच नाहीत.

तेव्हा नॉरफोकच्या एखाद्या गावात १९१६ च्या उन्हाळ्यातली 'तुर्कस्तानात युद्धकैदी असताना मृत्यू' अशी ओळ दिसली, तर तो पोरगा दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या कॅम्पात राहत असण्याची चांगली शक्यता आहे. बटालियन तेवढी तपासून घ्या. एका रेजिमेंटच्या अनेक बटालियन असत आणि बाकीच्या बहुतेक फ्रान्सकडे होत्या. पण मला एकदा अशी ओळ सापडली आणि नंतर बटालियनही जुळली. क्रुसापासून बस स्टॉप चार पावलांवर होता, तरी बस सोडली.

आणखी एक धागा ससेक्समधल्या बर्वॉश गावात. तिथल्या स्मारकावर जॉन किपलिंग हे नाव आहे. १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लोसच्या लढाईत गेला तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. त्याचे वडील लेखक रुडयार्ड किपलिंग, मुंबईत जे. जे. च्या आवारात जन्मलेले. अधू डोळ्यांमुळे सैन्याने नाकारलेल्या मुलासाठी त्यांनी स्वतः वशिला लावला होता. वडील हयात असेपर्यंत मुलाचा देह सापडला नाही. युद्धकबरींच्या मोठ्या शिळांवर 'त्यांचे नाव सदासर्वकाळ राहो' अशा अर्थाची बायबलमधली ओळ असते, ती निवडून देणारे हेच किपलिंग.

भारतीय सैनिकांची स्मारकं ब्रिटनमध्ये कुठे आहेत?

पहिलं नाव ब्रायटनजवळच्या 'छत्री'चं. १९१४ च्या अखेरीपासून ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये जखमी भारतीयांचं इस्पितळ होतं. जे हिंदू आणि शीख ब्रायटनमधल्या इस्पितळांत दगावले, त्यांतल्या ५३ जणांना पॅचम गावावरच्या टेकडीवर अग्नी दिला. त्याच जागी पांढऱ्या संगमरवराची घुमटी आहे, १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. पायरीखाली तीन ग्रॅनाइटच्या लाद्या आहेत, त्याखाली चितेचे चौथरे. नावं मात्र तिथे कोरायला २०१० साल उजाडलं. शेजारच्या वेगळ्या भिंतीवर ती आता वाचता येतात. गाडी वरपर्यंत जात नाही. पॅचमपासून चढ आहे, वाटेत मेंढ्या आणि भरपूर वारा. चपला घालून जाऊ नका.

मुस्लिम सैनिकांसाठी वोकिंगजवळ हॉर्सेल कॉमनवर कमानदार भिंतींचं दफनस्थान बांधलं. कबरी १९६८ मध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत हलवल्या, हॉर्सेलच्या जागी आता शांतिबाग आहे.

मला सगळ्यात जास्त थांबवून ठेवलं ते न्यू फॉरेस्टमधल्या ब्रॉकनहर्स्टच्या चर्चने. तिथे सुक्खाची कबर आहे. बरेलीचा. भारतीय जखमींच्या इस्पितळात झाडूवाला. १२ जानेवारी १९१५ ला वारला, वय ३०. सांगतात की हिंदूंनी जातीमुळे दहन नाकारलं, मुस्लिमांनी तो आपला नाही म्हणून दफन नाकारलं, तेव्हा तिथल्या पाद्र्यांनी आपल्या आवारात जागा दिली. दगडासाठी गावकऱ्यांनी पैसे काढले आणि तो ख्रिस्ती नव्हता हेही त्यावर सरळ लिहिलं. आपली जात समुद्र ओलांडूनही सोबत गेली होती, हे त्या दगडापुढे उभं राहिल्यावर झटकता येत नाही.

लंडनमध्ये हाइड पार्क कॉर्नरला, कॉन्स्टिट्यूशन हिलवर २००२ चे मेमोरियल गेट्स आहेत. बाजूच्या छोट्या घुमटीत मान वर करून व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालेल्यांची नावं वाचा. रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनाही इटलीतल्या लढाईसाठी हा मान मिळाला. घाडगे १९४४ मध्ये तिथेच पडले.

स्मारकच नाही असं गाव असतं का?

असतं. पहिल्या युद्धावर गेलेले सगळेच्या सगळे जिवंत परत आले, अशी पन्नासेक गावं आहेत. आर्थर मी या लेखकाने १९३० च्या दशकात त्यांना 'कृतज्ञ गावं' म्हटलं. दोन्ही युद्धांतून सगळे परतलेली त्याहून कमी. त्यांतलं एक कॉट्सवोल्ड्समधलं अप्पर स्लॉटर. इंग्रजीत स्लॉटर म्हणजे कत्तल, त्यामुळे लोक हसतात. गावाच्या नावाचा मूळ अर्थ चिखलाची जागा, एवढाच.

हार घालू का? उदबत्ती, दिवा?

मनात भाव असतो, कळतं मला. पण तेल, कुंकू, हळद दगडात मुरतं आणि निघत नाही. माझ्या मावशीने पिशवीतून नारळ काढला होता. पायरीवर फोडायच्या बेतात असताना मी तो हातातून घेतला, तर ती दिवसभर बोलली नाही. एखादं साधं फूल किंवा दुकानात मिळणारा कागदी पॉपी (युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं लाल फूल) पायथ्याशी ठेवा. चपला काढायची गरज नाही. आधीपासून ठेवलेली पॉपीची लाल चक्रं आणि छोटे लाकडी क्रूस हलवू नका, फोटोसाठी सुद्धा.

पायऱ्यांवर बसलं, फोटो काढला तर कुणी रागवेल?

फोटोला कुणाची हरकत नसते. बाजारचौकातल्या स्मारकाच्या पायरीवर लोक सँडविच खातात. खेड्यात मात्र टाळा. मुलांना वर चढू देऊ नका.

अक्षरं पुसट झाली आहेत. थोडं घासून स्वच्छ केलं तर?

अजिबात नको. तारेचा ब्रश, ब्लीच, जोराच्या पाण्याचा फवारा, यांनी शेवाळाबरोबर अक्षरंही जातात. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणंही नको. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरकं ऊन पडतं तेव्हा या, पुसट अक्षरं आपोआप उठून दिसतात. दगड खरंच ढासळला असेल तर गावच्या पॅरिश कौन्सिलला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला कळवा. दुरुस्तीला मदत करणारी 'वॉर मेमोरियल्स ट्रस्ट' नावाची संस्थाही १९९७ पासून काम करते.

युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाच्या नोव्हेंबरातल्या कार्यक्रमाला परक्याने गेलं तर चालतं का?

चालतं, आणि जमलं तर खेड्यातल्याच कार्यक्रमाला जा. नोव्हेंबरचा दुसरा रविवार. पावणेअकराला पोहोचा, गडद कपडे, टोपी काढायची, फोन बंद. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतं, अकराला दोन मिनिटं शांतता. कुणीतरी सगळी नावं एकेक करून वाचतं. आडनावं ओळखीची असतात. ज्यांची आहेत ते तिथेच उभे असतात. कुत्र्याच्या साखळीचा तेवढा आवाज येतो.

लाल पॉपी १९२१ पासून विकला जातो, पैसा माजी सैनिकांसाठी जातो. डब्यात जमेल ते टाका. स्कॉटलंडच्या पॉपीला पान नसतं. १९३३ पासून पांढराही आहे, युद्धच नको म्हणणाऱ्यांचा. कुठलाच न लावलेल्याला गावात कुणी अडवत नाही.

साम्राज्याच्या स्मारकापुढे आपण मान का तुकवायची?

तुकवू नका. वाचा. राजाचं आणि साम्राज्याचं नाव काही दगडांवर मोठ्या अक्षरांत आहे, ते मलाही खटकतं. त्याखालची लहान अक्षरं शेतमजुरांची, पोस्टमनांची, विणकरांची आहेत. १९१४ मध्ये त्यांतल्या अनेकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता.

आपल्याकडे असं काही नाही का?

आहे. वीरगळ तर गावोगाव आहेत, अर्थात त्यावर नाव क्वचितच. १८१८ च्या लढाईनंतर उभारलेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर साध्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, इंग्लंडच्या खेड्यांनी ती पद्धत घेतली त्याच्या शंभर वर्षं आधी.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी साताऱ्यात, कोकणात गावोगावी संगमरवरी पाट्याही लावल्या. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या व्हरांड्यात. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जण त्या युद्धात मेले. या पाट्यांचा साचा ठरलेला: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावरही हाच प्रकार, ब्रिटिश शिपायांची नावं आणि आपल्या साध्या शिपायांची फक्त संख्या. युद्धकबर आयोगाने या भेदभावाची कबुली २०२१ मध्ये दिली.

सुटीत गावी जाल तेव्हा ती पाटी बघून या. चुना मारताना बरेचदा तिच्यावरही फासलेला असतो.